लोकर, रेशीम आणि इतर प्राणिज तंतू: उपयोग, निगा आणि विघटन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोंगडी, स्वेटर, शाल, पैठणी आणि मेंढपाळाकडे पडून राहिलेली लोकर या निमित्तांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. हे तंतू टिकवायचे कसे, हा प्रश्न काहींना पडतो, तर ते लवकर कुजवायचे कसे, हा इतरांना. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच रसायनात दडलेले असल्यामुळे त्यांची वेगवेगळी पाने केलेली नाहीत.

प्राणिज तंतू नेमके कशाला म्हणतात?

प्राण्याच्या कातडीवर वाढलेले किंवा त्याच्या शरीरातील ग्रंथींतून स्रवलेले, आणि सूत काढण्याजोगे किंवा दाबून नमदा (न विणता घट्ट केलेले जाड कापड) करण्याजोगे जे तंतू असतात, ते प्राणिज तंतू होत. त्यांची दोन मोठी घराणी आहेत. मेंढीची लोकर, शेळी, ससा, उंट, याक यांची मऊ लव आणि घोड्याच्या शेपटीचे केस हे सगळे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. आपले केस आणि नखेही त्याच प्रथिनाची असतात. रेशीम मात्र अळीने तोंडावाटे सोडलेल्या फायब्रॉइन या वेगळ्या प्रथिनाचे असते. पीस केराटिनचेच असले तरी त्याचे सूत निघत नाही, आणि कातडे ही कोलाजेनच्या तंतूंची सलग जाळी असल्यामुळे त्याची गणना वेगळी होते.

कापूस, ताग आणि अंबाडी हे सेल्युलोजचे, म्हणजे कर्बोदकाचे तंतू आहेत. प्रथिन आणि सेल्युलोज यांतला हा भेद लक्षात ठेवला, तर धुण्याची पद्धत, कीड लागणे, जळतानाचा वास, मातीत कुजण्याची रीत अशा पुढील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात.

लोकर आणि केस यांत फरक काय?

रासायनिकदृष्ट्या फारसा नाही. फरक आहे तो घडणीत. लोकरीच्या तंतूवर एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात, तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो आणि तो लवचीक असतो. केस जाड आणि सरळ असतो, आणि त्याच्या मध्यातून बहुधा पोकळ गाभा जातो. एकाच मेंढीच्या अंगावर दोन्ही प्रकारचे तंतू असू शकतात. आपल्याकडील जाड्याभरड्या लोकरीत असे पोकळ गाभ्याचे तंतू पुष्कळ असल्यामुळे ती रंग नीट धरत नाही आणि तिचे सूत खरखरीत होते. मात्र हेच तंतू सतरंजी, गालिचा आणि नमदा यांना ताठपणा देतात.

पश्मिना, मोहेर, अंगोरा आणि शाहतूश यांत गोंधळ होतो. कोणता तंतू कोणत्या प्राण्याचा?

पश्मिना ही लडाखमधील चांगथांग पठारावरील शेळीची आतली मऊ लव असून तिची जाडी साधारण १२ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. ती कातरत नाहीत. हिवाळा संपताना शेळी ती आपणहून टाकू लागते, तेव्हा कंगव्याने विंचरून घेतात. मोहेर अंगोरा जातीच्या शेळीपासून मिळते, तर ‘अंगोरा’ या नावाने विकली जाणारी लोकर अंगोरा सशाची असते. गोंधळ होतो तो मुख्यतः येथेच. शाहतूश तिबेटी हरणाची, म्हणजे चिरूची असते आणि ती मिळवण्यासाठी प्राणी मारावा लागतो. तिचा व्यापार भारतात आणि आंतरराष्ट्रीय करारानेही बंद आहे. ती विकत घेणे हा गुन्हा आहे.

महाराष्ट्रातील लोकर टोचते कशामुळे? ती हलक्या प्रतीची असते का?

टोचणे ही ॲलर्जी नसते, तो जाडीचा परिणाम असतो. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचे टोक त्वचेवर टेकले की वाकत नाही, ते आत रुतते आणि त्वचेखालील मज्जातंतूंना डिवचते. मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीची जाडी २० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, त्यामुळे तिचे टोक वाकून जाते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या पठारावर पसरलेल्या दख्खनी मेंढीची लोकर बहुतांशी या सीमेच्या पलीकडची असते. शिवाय एका मेंढीमागे वर्षाकाठी लोकर निघते ती जेमतेम अर्धा ते पाऊण किलो, तीही दोन कातरणींची मिळून.

हलकी प्रत म्हणायची की वेगळी प्रत, हे काय बनवायचे आहे त्यावर अवलंबून आहे. अंगालगतच्या कपड्याला ही लोकर चालणार नाही, हे खरे. घोंगडीला मात्र तीच हवी. काळी, पांढरी आणि तपकिरी लोकर वेगळी काढून, पिंजून, चरख्यावर सूत काततात. ताण्याला, म्हणजे मागावरील उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ कुंचल्याने चढवतात, म्हणजे केसाळ सूत मागावर एकमेकांत अडकत नाही. आणि मग सनगर विणकर ती खड्ड्याच्या मागावर विणतात. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते ती या खळीमुळे. वापरता वापरता ती मऊ पडते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात. हे तंतू टोकाला निमुळते आणि मऊ असल्यामुळे जावळाच्या घोंगडीला नेहमीच जास्त मान आणि जास्त किंमत मिळत आली आहे.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. ज्या लोकरीला देवाच्या यात्रेत एवढे स्थान आहे, तिला बाजारात मात्र आज भाव नाही. पुष्कळ ठिकाणी लोकर विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा कातरणीची मजुरी अधिक होते. उन्हाळ्यात मेंढीला त्रास होऊ नये म्हणून लोकर कातरावी तर लागतेच, पण नंतर ती रानात टाकून दिली जाते. या टाकलेल्या लोकरीचे काय करता येईल, याचा विचार पुढे खताच्या प्रश्नात केला आहे.

भर पावसात धनगर घोंगडी पांघरतो. ओली घोंगडी उबदार कशी राहते?

लोकरीचा स्वभाव बाहेरून एक आणि आतून दुसरा असतो. तंतूचा पृष्ठभाग पाण्याचा थेंब झिडकारतो, पण आतील केराटिन पाण्याची वाफ शोषून घेते. कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा आत गेला तरी लोकर हाताला ओली लागत नाही. हा ओलावा शोषला जात असताना थोडी उष्णताही बाहेर पडते. ती भास म्हणून सोडून देण्याजोगी नाही. प्रयोगशाळेत ती मोजता येते. त्यातच कुरळ्या तंतूंमुळे कापडात हवा अडकून राहते आणि लोकर भिजली तरी कापसासारखी अंगाला चिकटून बसत नाही. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली की पाणी उतारावरून कडेने निथळून जाते. घोंगडी जलरोधक मात्र नाही. तासन्‌तास मुसळधार पावसात उभे राहिले तर ती भिजते आणि चांगलीच जड होते.

रेशमाचे प्रकार किती आणि त्यांतला कोणता आपल्याकडे होतो?

व्यापारात तुती, टसर, एरी आणि मुगा हे चार प्रकार मानले जातात आणि हे चारही भारतात होतात. तुतीची पाने खाणाऱ्या अळीचा कोष हा पैठणी, कांजीवरम आणि बनारसी यांचा आधार आहे. एका कोषातून साधारण ९०० ते १२०० मीटर लांबीचा अखंड धागा उलगडतो, आणि इतका लांब सलग तंतू निसर्गात अन्यत्र क्वचितच मिळतो. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढल्यावर जालन्याला कोषांची बाजारपेठ उभी राहिली. त्याआधी शेतकऱ्यांना कोष विकायला कर्नाटकात रामनगरला न्यावे लागत.

टसरची गोष्ट निराळी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवल्या जातात, आणि हे काम परंपरेने ढिवर समाजाकडे आहे. अळी उघड्या झाडावर वाढत असल्यामुळे पक्षी आणि मुंग्या यांच्यापासून तिची राखण करावी लागते. टसरचा कोष टणक असतो आणि नुसत्या गरम पाण्याने तो उलगडत नाही. याच टसरवर विदर्भातील करवती किनारीचे लुगडे विणले जाते. किनारीवर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते आणि टसरचा मंद मधाळ रंग बहुधा तसाच ठेवतात.

रेशमासाठी अळी मारावीच लागते का?

अखंड धागा हवा असेल तर हो. पतंग बाहेर पडला की तो कोषाला भोक पाडतो आणि धागा जागोजागी तुटतो, म्हणून कोष आधीच वाफेवर किंवा गरम हवेत ठेवून आतील जीव मारतात. पतंग निघून गेल्यानंतरचे कोष कापसासारखे पिंजून कातले तर त्याचे ‘अहिंसा रेशीम’ होते. ते जाडसर आणि कमी चकाकीचे असते. एरीचा कोष मुळातच एका टोकाला उघडा असल्यामुळे एरी नेहमीच कातून वापरतात.

कपड्यांखेरीज या तंतूंचा उपयोग कुठे होतो?

पियानोच्या हातोड्यांवर आणि हार्मोनियमच्या पट्ट्यांखाली लोकरीचा नमदा असतो. सारंगी आणि व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात. लोकर सहजी पेट घेत नाही: तिला पेटायला सुमारे ५७० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ज्योत दूर केली की ती बहुधा आपोआप विझते. अंगावर आग लागलेल्या माणसाला घोंगडीत गुंडाळतात, त्यामागे हे कारण आहे.

कच्ची लोकर धुताना निघणारे मेण, म्हणजे लॅनोलिन, मलमांत आणि गंज रोखणाऱ्या लेपांत वापरतात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ड-३ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा कच्चा माल बहुतेक वेळा हेच मेण असते, आणि ही गोष्ट शुद्ध शाकाहारी मंडळींना सहसा माहीत नसते. शस्त्रक्रियेत टाके घालायला रेशमी धागा फार पूर्वीपासून वापरात आहे. वैद्यकात त्याची गणना न विरघळणाऱ्या धाग्यांत होते. प्रत्यक्षात शरीरात राहिल्यास वर्षभरात त्याची बहुतेक ताकद जाते आणि दोनेक वर्षांत तो दिसेनासा होतो. फायब्रॉइनचे विघटन किती सावकाश पण निश्चितपणे होते, याचा हा चांगला दाखला आहे.

कापड खरोखर लोकरीचे किंवा रेशमाचे आहे, हे घरी कसे ओळखावे?

शिवणीच्या आतून दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरावेत आणि ज्योतीजवळ न्यावेत. प्राणिज तंतू ज्योतीपासून आक्रसतो, मंदपणे जळतो, केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेला काळा गोळा बोटांत चुरला जातो. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर वितळतात आणि त्यांचा कडक मणी चुरता येत नाही. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख पांढुरकी असते. ताणा एका जातीचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या जातीचा असू शकतो, म्हणून दोन्ही दिशांचे धागे तपासावेत; एकाच दिशेचा धागा पाहून निर्वाळा देणारे पुष्कळदा फसतात.

दुसरी कसोटी अशी: कपडे पांढरे करण्याच्या क्लोरीनयुक्त द्रावणात धागा बुडवून ठेवावा. लोकर आणि रेशीम त्यात पूर्ण विरघळून जातात, सुती आणि कृत्रिम धागे उरतात. अर्थात ही कसोटी सुट्या धाग्यावरच करावी. साडी नवी घ्यायची असेल तर शुद्ध रेशमाची ग्वाही देणारी ‘सिल्क मार्क’ची खूण पाहणे अधिक सोपे.

हे तंतू मुळात तुटतात कसे?

प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. केराटिनच्या साखळ्यांमध्ये सिस्टीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असते आणि शेजारच्या साखळ्यांतील गंधकाचे अणू एकमेकांशी घट्ट जोडले जातात. लोकरीत वजनाने साधारण ३ ते ४ टक्के गंधक असतो. या गंधकबंधांमुळे दूध, मांस, डाळ यांतील प्रथिने पचवणारी साधी विकरे (एन्झाइम) केराटिनपुढे हात टेकतात. न्हाणीघराच्या मोरीत अडकलेला केसांचा गुंता महिनोन्‌महिने जसाच्या तसा राहतो, तो यामुळेच.

तरीही मातीत असे काही सूक्ष्मजीव आहेत ज्यांची उपजीविकाच केराटिनवर चालते. स्ट्रेप्टोमायसीस आणि बॅसिलस वंशांतील काही जीवाणू आणि क्रायसोस्पोरियमसारखी बुरशी हे त्यांतले ठळक. ते आधी गंधकबंध मोडतात आणि मग मोकळ्या झालेल्या साखळीचे विकरांनी तुकडे करतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते: तंतू एकदम विरत नाही. त्याच्या आतील चातीच्या आकाराच्या पेशींना जोडणारा थर गंधकाने दुबळा असतो, म्हणून तो आधी खाल्ला जातो. तंतूच्या पेशी सुट्या होतात आणि टोके कुंचल्यासारखी विस्कटतात. हे सूक्ष्मजीव मातीत आहेत की नाहीत, ते पाहण्याची रीतही गमतीची आहे. ओलसर मातीच्या बशीत निर्जंतुक केलेले केस पसरून ठेवायचे. काही आठवड्यांत केसांवर पांढरी बुरशी धरते. १९५२पासून कवकशास्त्रज्ञ ही रीत वापरत आले आहेत.

रेशमात गंधकबंधांचा हा पहारा नाही. तेथे बळकटी येते ती साखळ्यांच्या दाट, स्फटिकासारख्या रचनेतून. दोन स्फटिकी भागांमधला सैल भाग आधी तुटतो, त्यामुळे रेशीम आधी ताकद गमावते आणि वजन नंतर. कच्च्या तुती रेशमावर २० ते ३० टक्के सेरिसिन, म्हणजे डिंकासारखे आवरण असते, ते मात्र पाण्यात आणि जीवाणूंपुढे लवकर जाते.

सूक्ष्मजीवांखेरीज तोड होते ती उन्हाने, उष्णतेने आणि अल्कलीने. उन्हातील अतिनील किरणांमुळे लोकर पिवळी पडते आणि रेशीम ठिसूळ होते. खिडकीवर लावलेला रेशमी पडदा काही वर्षांतच उभा चिरतो.

मातीत पुरल्यावर लोकर किती दिवसांत नाहीशी होते?

एकच आकडा सांगणे चुकीचे ठरेल. उबदार, ओलसर, भुसभुशीत आणि सेंद्रिय खत घातलेल्या मातीत पातळ लोकरी कापडाला काही आठवड्यांत भोके पडतात आणि तीन-चार महिन्यांपासून वर्षभरात त्याचा बहुतेक भाग जातो. जाड नमदा, गाठी बांधलेला गालिचा किंवा क्रोमियमयुक्त रंगाने रंगवलेले कापड याहून बराच अधिक काळ घेते. कोरड्या मुरमात मात्र तेच कापड वर्षानुवर्षे पडून राहील. ‘नैसर्गिक आहे म्हणजे आपोआप मातीत मिसळेल’ ही समजूत अर्धीच खरी आहे. पाणी, हवा, ऊब आणि योग्य सूक्ष्मजीव यांतले एक जरी कमी पडले तरी काम थांबते.

मग हजारो वर्षांपूर्वीचे लोकर आणि रेशीम उत्खननात कसे सापडते?

विघटनाची एखादी अट तुटल्यामुळे. डेन्मार्कमध्ये १८७९ साली पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, दलदलीत एका स्त्रीचा मृतदेह सापडला, जी ‘हुल्ड्रेमोसची स्त्री’ म्हणून ओळखली जाते. दोन हजारांहून अधिक वर्षे झाली तरी तिचा लोकरी घागरा आणि ओढणी शाबूत होती, आणि अंगालगतचे वनस्पतिज धाग्याचे वस्त्र मात्र नाहीसे झाले होते. दलदलीचे पाणी आम्लयुक्त आणि प्राणवायूविरहित होते. आम्लात सेल्युलोज टिकत नाही, केराटिन टिकते. माती अल्कधर्मी असती तर चित्र नेमके उलटे दिसले असते.

याहून जवळचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथील आहे. डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन झाले. ताम्रपाषाणयुगीन थरात एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत ओवलेल्या धाग्याचे अवशेष शिल्लक होते. तपासणीत तो धागा रेशमाचा निघाला. दख्खनच्या उष्ण आणि पावसाळ्यात चिंब होणाऱ्या मातीत रेशीम तीन हजार वर्षे टिकण्याचे कारण नव्हते. पण तांबे गंजून त्याचे क्षार धाग्यात मुरले, आणि हे क्षार सूक्ष्मजीवांना विषारी असतात. मण्याच्या भोकाबाहेर जो धागा असेल तो केव्हाच गेला.

लोकरी कपड्यांना लागते ती कसर नेमकी कोणती?

कपड्याला भोक दिसले की आपण सरसकट ‘कसर लागली’ म्हणतो, पण त्यामागे निरनिराळे कीटक असतात. लोकर खाणारी मुख्य कीड म्हणजे फिकट सोनेरी रंगाचा, जेमतेम सहा ते आठ मिलिमीटर लांबीचा एक पतंग. भोके पाडते ती त्याची अळी. प्रौढ पतंग काही खात नाही. तो उजेडापासून दूर पळतो, त्यामुळे ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणाऱ्या पाखरांचा संशय घेण्याचे कारण नाही. दुसरी कीड म्हणजे गालिच्यात आढळणारे लहान भुंगेरे, ज्यांच्या अळ्या केसाळ असतात. या अळ्यांच्या आतड्यातील रसायन गंधकबंध मोडू शकते. मातीतील बुरशी जे काम करते तेच त्या कपाटात करतात. चंदेरी रंगाची, सळसळत पळणारी कसर मात्र मुख्यतः पिठूळ पदार्थांवर जगते, म्हणून ती खळ दिलेल्या कापडाकडे आणि पुस्तकांच्या बांधणीकडे वळते.

घाम, तेल आणि अन्नाचे डाग पडलेला भाग अळ्या आधी खातात, कारण नुसत्या केराटिनवर त्यांचे पोषण नीट होत नाही. स्वेटरला भोके गळ्याशी आणि पोटावर पडतात, याचे कारण हे आहे.

डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात का? दुसरा उपाय आहे का?

डांबरगोळ्यांची, म्हणजे नॅप्थलीनची वाफ बंद पेटीत दाटली तरच उपयोगी पडते. उघड्या कपाटात दोन गोळ्या टाकल्याने फक्त वास येतो. ही वाफ माणसालाही चांगली नाही. जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात, त्यामुळे तान्ह्या मुलाची दुपटी आणि स्वेटर यांच्याजवळ गोळ्या ठेवू नयेत. कडुनिंबाचा पाला, वेखंड किंवा लवंग यांनी पतंग थोडेफार दूर राहत असतील, पण कपड्यात असलेली अळी त्यांनी मरत नाही.

सर्वांत भरवशाचा उपाय साधा आहे: कपडा स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा पेटीत ठेवणे. कीड लागलीच असेल तर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर कपड्यावर दव धरते. घोंगडी फ्रीझरमध्ये मावणार नाही. ती वर्षातून दोनदा झटकून, दुपारच्या उन्हात दोन्ही बाजू उलटून ठेवावी. अळ्यांना ऊन आणि हालचाल सोसत नाही. रंगीत शालीला मात्र इतके ऊन देऊ नये.

लोकर आणि रेशीम धुवायचे कसे?

थंड किंवा कोमट पाण्यात, अल्कलीविना आणि न चोळता. धुण्याचा सोडा आणि कपड्यांचा साधा साबण दोन्ही तंतूंना दुबळे करतात. ‘एन्झाइमयुक्त’ पावडरीत प्रथिने पचवणारे विकर असते. ज्या विकराने रक्ताचा डाग निघतो तेच विकर रेशमावरही काम करते, कारण त्याच्या दृष्टीने डाग आणि साडी दोन्ही प्रथिनेच. रिठ्याचे पाणी अल्कधर्मी नसल्यामुळे ते चालते आणि पूर्वापार चालत आले आहे. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातले तर उरलेली अल्कली निघून जाते.

लोकर आटते ती नुसत्या गरम पाण्याने नव्हे. खवले एकाच दिशेला झुकलेले असल्यामुळे ओल्या तंतूंना घुसळले की ते एका दिशेने सरकतात आणि परत येत नाहीत. उष्णता आणि साबण या सरकण्याला मदत करतात. नमदा मुद्दाम असाच करतात. यंत्रात धुतल्यावर आटलेला स्वेटर हा न ठरवता केलेला नमदाच, आणि तो पूर्ववत होत नाही.

सोवळ्यातील धाबळी लोकरीची आणि मुकटा, पीतांबर किंवा कद रेशमाचा असे. धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक गोष्ट दिसते: ही वस्त्रे दिवसातून थोडाच वेळ नेसली जात, लगेच वाळत घातली जात आणि साबणाचा हात त्यांना क्वचितच लागे. प्रथिनाच्या धाग्याला हे मानवतेच.

पैठणी घडीवर का चिरते? आणि तिची जर काळी का पडते?

घडीच्या रेषेवर तंतू वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी वाकलेले राहतात, आणि उष्णता, घाम, स्टार्च यांनी ते आधीच ठिसूळ झालेले असले की तेथेच तुटतात. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, ती जुन्या मऊ मलमलीत गुंडाळावी आणि प्लॅस्टिकमध्ये ठेवू नये. स्टार्च देऊन वर्षभर ठेवणे तर मुळीच नको.

चांदीची जर गंधकामुळे काळवंडते. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: लोकरीतील गंधकाची संयुगे अत्यल्प प्रमाणात हवेत सुटत राहतात आणि बंद कपाटात तेवढीही चांदीला पुरतात. वस्तुसंग्रहालयांत चांदीच्या वस्तूंखाली लोकरी कापड अंथरू देत नाहीत. त्यामुळे पैठणी आणि पश्मिना शेजारी-शेजारी एकाच बंद पेटीत ठेवू नयेत.

विकली न जाणारी लोकर खत म्हणून वापरता येते का?

येते, आणि महाराष्ट्रात याचा विचार आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक व्हायला हवा. शुद्ध केराटिनमध्ये सुमारे १६ टक्के नत्र असते. कच्च्या लोकरीत धूळ, मेण आणि काडीकचरा असल्याने ते त्याहून कमी भरते, तरीही शेणखताशी त्याची तुलना होऊ शकत नाही. हे नत्र सूक्ष्मजीव हळूहळू मोकळे करतात, म्हणून ते युरियासारखे एका पावसात वाहून जात नाही. लोकरीला चिकटलेल्या घामाच्या क्षारांत पालाशही असते. शेतात मेंढरे बसवण्याची चाल आपल्याकडे आहेच; लेंडी आणि मूत्र यांचे मोल शेतकरी जाणतो आणि त्यासाठी धनगराला धान्य किंवा पैसे देतो. त्याच मेंढीची लोकर मात्र बांधावर पडून राहते.

वापरताना लोकर बारीक कातरावी आणि मातीत मिसळावी किंवा झाडाच्या आळ्यात पसरून वर मातीचा थर द्यावा. अख्खा गठ्ठा पुरला तर तो आतून कोरडाच राहतो, कारण पृष्ठभाग पाणी झिडकारतो. एकदा नीट भिजवून मगच घालावी. कंपोस्टमध्ये घालायची तर तिच्या कित्येक पट वाळका पाला किंवा भुसा लागतो. लोकरीत कर्बाच्या मानाने नत्र फार असते आणि कर्ब कमी पडला की अमोनियाचा वास सुटतो, म्हणजे नत्र हवेत जाऊ लागते. पिकाला लगेच नत्र हवे असेल तेव्हा लोकर कामाची नाही. डाळिंब, आंबा, फुलझाडे आणि कुंड्या यांना ती योग्य.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. आजारी किंवा मेलेल्या मेंढीची लोकर वापरू नये, कारण काळपुळीचे जंतू बीजाणूंच्या रूपात मातीत दशकानुदशके टिकतात. गोचिडीचे औषध नुकतेच लावलेल्या मेंढ्यांची लोकर भाजीच्या वाफ्यात घालू नये.

जुना स्वेटर किंवा रेशमी साडी मातीत घालता येईल का?

आधी धाग्यांची जळण्याची कसोटी करावी, कारण बाजारातील ‘वुलन’ स्वेटरांत ॲक्रिलिकच अधिक असते आणि ते कुजत नाही, फक्त बारीक तुकडे होऊन मातीत राहते. मिश्र धाग्याच्या कापडातील लोकर निघून जाते आणि प्लॅस्टिकची जाळी मागे उरते. यंत्रात धुता येईल अशा लोकरीच्या खवल्यांवर बहुधा राळेचा पातळ कृत्रिम थर चढवलेला असतो; तेही शंभर टक्के नैसर्गिक म्हणता येणार नाही.

कापड शुद्ध निघाले तर चेन, बटणे, लेबल आणि अस्तर काढावे आणि शिवणीचे धागेही उसवावेत, कारण लोकरी कपडासुद्धा बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेला असतो. साडीचे काठ-पदर जरीचे असतील तर ते कापून वेगळे ठेवावेत: खऱ्या जरीतील चांदीला सोनार पैसे देतो आणि खोट्या जरीत प्लॅस्टिक किंवा तांबे असते. उरलेल्या कापडाचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून, भिजवून, कुंडीच्या तळाऐवजी वरच्या सहा इंचांत मिसळावेत. हवा आणि सूक्ष्मजीव तेथेच अधिक असतात. धड असलेला स्वेटर मातीत घालण्याची घाई करू नये. तो उसवून लोकर पुन्हा विणता येते, आणि आधी वाफ देऊन सरळ केलेल्या लडीचे विणकाम नव्यासारखे बसते.